दहावीच्या वेळापत्रकात झोप कुठे बसते?

दहावीच्या मुलांच्या ताणाविषयी काही करायचे म्हटले की शाळेत सहसा एक कार्यक्रम होतो. बाहेरून वक्ते येतात, सभागृहात सतरंज्या अंथरल्या जातात, तासभर आत्मविश्वास आणि सकारात्मक विचार यांवर भाषण होते, पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिले जाते. मुले वर्गात परततात आणि पुढच्याच तासाला बीजगणिताची चाचणी असते. वक्ते मनापासून बोलतात, मुलेही ऐकतात. त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागात मी दहावीला विज्ञान शिकवते, वर्गशिक्षिका म्हणूनही बहुतेक वेळा दहावीच माझ्याकडे असते, आणि इतक्या वर्षांत माझे एक मत पक्के झाले आहे. मुलांचा बराचसा ताण आपण मोठ्यांनी लावून दिलेल्या व्यवस्थेतून येतो. जादा तासांची वेळ, चाचण्यांच्या तारखा, पेपर परत देण्याची रीत, पालकसभेतली भाषा. हे सगळे शाळेच्या हातात असते. मुलांना खंबीर व्हायला सांगण्याआधी या गोष्टी बदलायला हव्यात.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचा दिवस सांगते. ती गावाबाहेर वस्तीवर राहते. वडील गलाईच्या धंद्यात, तामिळनाडूत. या भागातली कितीतरी घरे अशी आहेत, घरचा कर्ता माणूस दूरच्या कुठल्या तरी सराफ पेठेत सोने-चांदी गाळतो आणि दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला घरी येतो. घरी आई, आजी, धाकटा भाऊ आणि दोन म्हशी. मुलगी पावणेपाचला उठते, कारण डेअरीची गाडी सहाला येते आणि आजीच्याने आता धारा काढणे होत नाही. सव्वासहाची एसटी. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो, म्हणूनच ती शाळेत येऊ शकते. सातला आमचे जादा तास सुरू व्हायचे ते नऊपर्यंत. मग व्हरांड्यात बसून डबा आणि गृहपाठ. अकरा ते पाच शाळा. साडेपाच ते सात खासगी क्लास. मुक्कामी गाडीने घरी पोचायला आठ. भाकरी थापायच्या, भांडी घासायची, नऊनंतर वही उघडायची, पावणेबाराला दिवा मालवायचा. झोप पाच तास.

सहामाहीनंतर ही मुलगी पहिल्या बाकावर बसून उघड्या डोळ्यांनी झोपायची. शिक्षकांच्या खोलीत तिच्याविषयी बोलणे निघाले की 'लक्ष नाही हिचे' एवढाच शेरा यायचा. वर्गात उत्तर आले नाही की तिचे डोळे भरून यायचे, मैत्रिणींशी क्षुल्लक कारणावरून अबोला धरायची. तिला समुपदेशन हवे होते का? असेलही. पण सगळ्यांत आधी तिला तीन तास जास्त झोप हवी होती.

तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज 8 ते 10 तास झोप लागते, अशी शिफारस झोपेवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संस्थेने 2016 मध्ये केली. शरीराची गरज आपल्याकडेही तीच आहे. शिवाय वयात येताना शरीरातले घड्याळ पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन नावाचे संप्रेरक लहानपणापेक्षा रात्री उशिरा पाझरू लागते. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला साडेनऊला अंथरुणावर टाकले तरी झोप येत नाही आणि पहाटे पाचला त्याचे शरीर अजून मध्यरात्रीतच असते. घरात याला आळस म्हणतात, पण त्यात त्या मुलाचा काही दोष नाही. दिवसभर शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेत करतो. झोप सतत तुटत राहिली की आठवण तर ढासळतेच, राग, रडू आणि भीती आवरणेही जड जाते. परीक्षेच्या वर्षी आपण मुलांची झोप कापतो आणि नेमके तेच दोन्ही त्यांच्याकडून मागतो, आठवण आणि धीर.

डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या सकाळच्या वेळेचा आणि मुलांच्या झोपेचा प्रश्न जाहीरपणे मांडला. 8 फेब्रुवारी 2024 ला शासन निर्णय निघाला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊला किंवा त्यानंतर भरवावेत. चांगलेच झाले. पण घड्याळ पुढे सरकते ते आठवी-नववीच्या सुमारास, आणि त्या मुलांची वेळ शाळांवर सोडलेली आहे. म्हणजे दहावीचे जादा तास कधी घ्यायचे हे ठरवताना आम्हा शिक्षकांनाच विचार करावा लागणार.

मी एक साधी गोष्ट केली. वर्गाला कोरे कागद वाटले आणि सांगितले की नाव लिहू नका, आठवडाभर रोज फक्त झोपल्याची आणि उठल्याची वेळ लिहा. मुलांनी प्रामाणिकपणे लिहिले. आठ तास झोपणारी मुले एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. तो गठ्ठा मी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. सोबत मुद्दा एवढाच मांडला की सकाळी सातला शिकवलेली विद्युतधारा मला दुपारी पुन्हा शिकवावी लागते, तेव्हा ते सकाळचे तास कुणाच्या उपयोगाचे? सर गणिताचे. त्यांनी कागद चाळले, दोन दिवस स्वतःजवळ ठेवले आणि जादा तास दहा ते अकरा करण्याचे ठरवले. उरलेले तास शनिवारी, शाळा सुटल्यावर.

पालकसभेत गदारोळ झाला. शेजारच्या गावातल्या शाळेत सहाला तास सुरू होतात, तुम्ही मुलांना लाडावून ठेवता, असे ऐकून घ्यावे लागले. तेव्हा मागच्या रांगेतून एक आजोबा उठले. म्हणाले, "माझी नात घरी आली की दप्तर न काढता भिताडाला टेकून झोपती. जेवाय उठवलं तर रडती. तासभर पोरीला निजू दिलं तर काय बिघडतंय?" माझ्या मेलाटोनिनपेक्षा त्यांचे बोलणे सभेला जास्त पटले. त्या वर्षी शाळेचा निकाल घसरला नाही आणि विरोध आपोआप मावळला.

झोपेनंतर तारखांकडे वळलो. दहावीच्या मुलाला वर्षभर किती परीक्षा असतात, हे कोणत्याही एका शिक्षकाला ठाऊक नसते, कारण प्रत्येकाला फक्त आपल्या विषयाच्या दिसतात. घटक चाचण्या, प्रथम सत्र, पहिली पूर्वपरीक्षा, दुसरी पूर्वपरीक्षा, त्यात क्लासच्या वेगळ्या सराव परीक्षा. जानेवारीत विज्ञानाची प्रयोगवही, भूगोलाचे नकाशे, भाषांचे स्वाध्याय, जलसुरक्षेची वही, सगळे एकाच आठवड्यात मागितले जाते. मुले रात्री जागून एकमेकांचे उतरवून काढतात. आता शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर वर्षाचा एक मोठा कागद आहे. दहावीला काही द्यायचे किंवा मागायचे असेल तर ते आधी त्यावर लिहायचे, आणि एका आठवड्यात दोनपेक्षा जास्त गोष्टी लिहायच्या नाहीत. कागदाला दमडी खर्च झाली नाही. गावातल्या क्लासवाल्या सरांनाही आम्ही तो दाखवला. त्यांनी पूर्वपरीक्षेच्या काळातल्या आपल्या चाचण्या मागे घेतल्या. त्यांच्याही लक्षात आले नव्हते, एवढेच.

एनसीईआरटीने 2022 मध्ये देशभरातल्या सहावी ते बारावीच्या 3 लाख 79 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची मनःस्थिती विचारली. 81 टक्के मुलांनी काळजीचे कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांची नावे घेतली. वृत्तपत्रांत हा आकडा गाजला. मला त्याच पाहणीतला दुसरा आकडा जास्त बोचला. 28 टक्के मुलांना वर्गात प्रश्न विचारायला संकोच वाटत होता. ज्याला समजलेले नाही आणि विचारताही येत नाही, त्या मुलाचा ताण परीक्षेच्या किती आधी, अगदी जूनमध्येच सुरू झालेला असतो.

आणि हा संकोच आपणच पेरतो. तपासलेले पेपर वाटताना हजेरी क्रमांकाने एकेकाला उभे करून गुण मोठ्याने वाचायचे, ही रीत अजून कितीतरी शाळांत आहे. बत्तीस म्हटले की वर्ग हसतो. त्याखेरीज तुकड्या असतात. 'अ' तुकडी हुशारांची, 'ड' तुकडी कुणाची हे गावात किराणा दुकानदारालाही ठाऊक असते. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, मुलांचा चारचौघांत पाणउतारा करू नये, झेपणार नाहीत अशी उद्दिष्टे लादू नयेत, हे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, हेही. या तत्त्वांची प्रत प्रत्येक शाळेच्या शिक्षकसभेत वाचली गेली पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

माझ्या वर्गात पेपर घडी घालून हातात दिला जातो, गुण आतल्या बाजूला. मग पूर्ण तास चुकांवर. सर्वांत जास्त मुलांनी केलेली चूक फळ्यावर घ्यायची, ती कुणी केली हे विचारायचे नाही. भिंगाच्या सूत्रात चिन्ह का चुकले, वजा कुठून आला, हे सोडवताना एरवी गप्प असणारी मुले 'मॅडम, माझंपण असंच झालंय' म्हणून हात वर करतात. प्रश्न विचारणे तिथून सुरू होते.

मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळा उघडी ठेवते. परीक्षानळ्या धुवायच्या असतात, चार्ट लावायचे असतात. मदत करायला म्हणून मुले येतात आणि हात कामात असले की तोंड मोकळे होते. समोरासमोर खुर्चीत बसवून 'बोल, काय त्रास आहे तुला' म्हटले तर पंधरा वर्षांचा मुलगा 'काही नाही' म्हणून उठून जातो. एका मुलाचे प्रत्येक गणिताच्या पेपरला पोट दुखायचे. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून पोटात काही नाही असे सांगितले होते. तो बीकर पुसत होता.

"मॅडम, पेपर हातात आला की सगळं जातं."

"सगळं म्हणजे काय काय?"

"सूत्रं आठवत नाहीत. पोटात गोळा येतो."

"गोळा आला की मनात काय येतं?"

तो बराच वेळ तेच बीकर पुसत राहिला. मग म्हणाला, "पप्पा म्हणालेत, नव्वदच्या खाली आलास तर तोंड दाखवू नको."

त्याला मी आधी शरीरात काय होते ते सांगितले, कारण 'घाबरू नकोस' म्हटल्याने कुणाची भीती गेल्याचे मी पाहिलेले नाही. धोका दिसला की मेंदू इशारा देतो, अ‍ॅड्रिनलिन वाढते, छातीचे ठोके वाढतात, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळते, म्हणून पोटात कालवते. पळायचे किंवा लढायचे असेल तर हे सगळे उपयोगाचे आहे. गणित सोडवताना मात्र अडचण होते. सोडवत असताना आकडे आणि पायऱ्या मनात धरून ठेवायला जी थोडीशी जागा असते, ती काळजीनेच भरते. सूत्र विसरलेले नसते, ते वर यायला वाट मिळत नाही. हे कळल्यावर त्याचा चेहरा सैलावला. आपण मठ्ठ आहोत, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते.

दुसरी गोष्ट त्या वाक्याची. मुंबईच्या डॉ. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी वाचकांपर्यंत पोचवली. त्यातला गाभ्याचा विचार शाळकरी मुलालाही समजतो. इच्छा आणि हट्ट यांत फरक आहे. 'मला नव्वद पडावेत असे फार वाटते, त्यासाठी मी झटेन, कमी पडले तर वाईट वाटेल' ही इच्छा. 'नव्वद पडलेच पाहिजेत, नाहीतर मी तोंड दाखवायच्या लायकीचा नाही' हा हट्ट. पहिल्याने माणूस अभ्यासाला बसतो, दुसऱ्याने पोटात गोळा येतो. मी त्याला दोन्ही वाक्ये वहीच्या मागच्या पानावर लिहायला लावली आणि कोणते वाक्य अभ्यासाला जास्त उपयोगी पडेल ते त्यालाच ठरवू दिले.

पण वडिलांचे बोलणे मुलाच्या वहीत बदलून भागत नाही. त्याला विचारूनच मी वडिलांना फोन केला. तेही गलाईत. रात्री दुकान बंद झाल्यावर बोलले. आधी बचाव केला, मग खरे सांगितले. ते स्वतः दहावीला गणितात नापास झाले आणि चुलत्याबरोबर धंद्याला गेले. "मॅडम, आयुष्य भट्टीपुढं गेलं. अ‍ॅसिडच्या वाफेनं छाती भरती. माझ्या पोरावर ही पाळी येऊ नये, म्हणून बोललो." मी म्हटले, हेच त्याला सांगा. नव्वदचा आकडा सोडा, तुमची छाती भरते हे सांगा. त्यांनी सांगितले. मुलगा दुसऱ्या दिवशी येऊन मला म्हणाला की पप्पा फोनवर रडले. पोटदुखी एका दिवसात थांबली नाही, पण पूर्वपरीक्षेला तो पेपर अर्धवट टाकून बाहेर आला नाही.

बाकी जे शिकवते ते छोटे आणि रोजच्या वापरातले आहे. घाबरल्यावर श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा. श्वास लांब सोडला की ठोके मंदावतात, हे मुले स्वतःची नाडी मोजून पाहतात. विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग छान होतो. पेपरात आधी येणारा प्रश्न सोडवायचा. वेळेची फार भीती वाटणाऱ्यांना मी आवर्जून सांगते की 2023 पासून मंडळ पेपर संपताना 10 मिनिटे जास्त देते. अभ्यास करताना धडा पुन्हा पुन्हा वाचून रंगीत पेनाने ओळी रंगवण्याऐवजी पुस्तक मिटायचे आणि आठवेल ते लिहायचे. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवले की आठवून पाहिलेले नुसते वाचलेल्यापेक्षा आठवड्यानंतर अधिक टिकते. याचा ताणाशी संबंध आहे, कारण वाचताना सगळे येतेय असे वाटते आणि परीक्षेत पहिल्यांदाच कळते की येत नाही. तो धक्का घरी, एकट्याने, डिसेंबरातच बसलेला बरा.

मुलींचा ताण वेगळा आहे आणि त्याविषयी शाळेत पुरेसे बोलले जात नाही. मुलगा नापास झाला तर तो घरचे बोलणे खातो. मुलगी नापास झाली तर स्थळ बघायला सुरुवात होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. माझ्यासमोर बसलेल्या मुलींना हा आकडा सांगावा लागत नाही. त्यांच्या मावसबहिणी, चुलतबहिणी त्यात आहेत. गणिताच्या पेपरला एखादीचा हात थरथरतो, तेव्हा तिच्यासाठी पस्तीस गुण म्हणजे आणखी दोन वर्षे माहेरी राहणे असते. इथे श्वासाचा व्यायाम पुरत नाही. इथे शाळेने घरी जाऊन बोलावे लागते, अकरावीच्या प्रवेशाची, एसटी पासची, शिष्यवृत्तीची माहिती आईच्या आणि आजीच्या हातात द्यावी लागते, आणि वेळ आलीच तर 1098 ला फोन करावा लागतो. 2006 च्या कायद्याने बालविवाह हा गुन्हा आहे, हे पालकसभेत मी दरवर्षी सांगते, मुलींच्या देखत.

आता सर्वांत अवघड गोष्ट. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. सर्वांत जास्त नोंदी आपल्या महाराष्ट्रात होत्या. हे शाळेत उच्चारायला लोक घाबरतात. नाव काढले तर मुलांच्या डोक्यात येईल, असे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना उलट सांगते. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. ज्याच्या मनात तो आहे त्याला बोलायला माणूस मिळते. म्हणून मुलगा किंवा मुलगी एकदम गप्प झाली, आवडीच्या वस्तू वाटू लागली, 'मी नसेन तर सगळ्यांचं बरं होईल' असे काही बोलली, जेवण आणि झोप बिघडली, तर मी बाजूला घेऊन सरळ विचारते, "जगू नये असं वाटतं का तुला?" उत्तर 'हो' आले तर उपदेश करायचा नाही, आईवडिलांची शपथ घालायची नाही. ऐकायचे, आणि त्या मुलाला एकटे सोडायचे नाही. 'कुणाला सांगू नका' म्हटले तर ते वचन द्यायचे नाही. 'तू सुरक्षित राहावीस म्हणून घरी आणि डॉक्टरांना सांगणार आहे, आणि मी तुझ्यासोबत असेन' असे तोंडावर सांगायचे. मुले यावर चिडत नाहीत. बहुतेकांना सुटल्यासारखे होते.

केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. 14416 या क्रमांकावर चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येते. हा क्रमांक आमच्या प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर रंगवलेला आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तिथे मुलाला न्यायचे तर आई एकटी घाबरते, म्हणून शाळेतले कुणीतरी बरोबर जाते. शेतकरी घरांना आणखी एक गोष्ट मी हात जोडून सांगते. फवारणीची औषधे घरात उघड्यावर ठेवू नका, कुलूपबंद ठेवा आणि किल्ली मोठ्या माणसाकडे असू द्या. टोकाचा विचार पुष्कळदा काही तासांचा असतो. तेवढा वेळ जवळ साधन नसले तर जीव वाचतो.

हे सगळे शिक्षकाने करायचे का, असे सहकारी विचारतात. रास्त आहे. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, माहिती भरणे, साठ-साठ मुलांचे वर्ग. अनुदानित शाळेत समुपदेशकाचे पद नाही. 2020 मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण द्यायचे ठरले आहे. ते प्रशिक्षण नीट घ्यावे, त्यासाठी तासिका मोकळी मिळावी, आणि उपचार करणे आपले काम नाही हेही लक्षात ठेवावे. आपले काम ओळखण्याचे आणि वेळेत पोचवण्याचे. पण समुपदेशक येईपर्यंत वाट पाहायची, तर यंदाची मुले निघून जातील.

निकालाच्या दिवसाची तयारी आम्ही आधीच करतो. शेवटच्या पेपरानंतर वर्गशिक्षक, मुख्याध्यापक आणि क्रीडाशिक्षक मिळून यादी काढतात, कोणत्या मुलाला त्या दुपारी एकटे सोडता कामा नये. गुण कमी येतील अशीच मुले त्यात असतात असे नाही. पंच्याण्णवची आशा धरून बसलेली, घरात कुणाशी पटत नसलेली, मोठ्या भावाशी रोज तुलना ऐकणारीही असतात. मुले आपापसांत वाटून घेतो आणि दुपारी एकला निकाल लागला की संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला फोन जातो. पहिला प्रश्न 'किती पडले' नसतो. 'जेवलास का, घरी कोण आहे' असा असतो. मग सांगायचे की दोन विषयांपर्यंत राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षा जून-जुलैतच आहे, वर्ष वाया जात नाही. पुष्कळ घरांना हे ठाऊकच नसते. नापास म्हणजे घरी बसायचे, असेच अजून समजतात.

पुरवणीचे अर्ज आम्ही शाळेतच भरून घेतो. ज्यांना शुल्काची अडचण असते त्यांचे शुल्क माजी विद्यार्थी भरतात. निकालानंतरच्या सोमवारपासून प्रयोगशाळा दहा ते बारा उघडी असते. विज्ञान मी घेते, गणिताला मुख्याध्यापक स्वतः येतात, इंग्रजीसाठी निवृत्त झालेले एक सर येतात. गेल्या उन्हाळ्यात वस्तीवरच्या त्या मुलीचा धाकटा भाऊही ताईबरोबर यायचा. ताईचा इंग्रजीचा पेपर राहिला होता आणि तो सातवीत गेला होता. ती जुलैत पास झाली, अकरावी कला शाखेत आहे, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर नववीच्या मुलींना इतिहास शिकवायला येते.